ओठांत न बसलेली किंकाळी

चित्र

काळा-पांढरा जिना. हातात कंदील घेतलेली एक बाई खाली उतरते आहे. तळघरात काय आहे ते सिनेमाभर कुठेच दाखवलेलं नाही. ते आहे आणि जागं आहे, एवढंच तिच्या चेहऱ्यावरून कळतं. बाई थांबते. तोंड उघडते.

आवाज

नाही.

रीळ सडलं होतं. डबा उघडला की खोलीभर आंबूस वास सुटायचा आणि किंकाळीच्या जागी नुसती खरखर ऐकू यायची. बाकीचा सिनेमा मुलीने धुऊनपुसून घेतला होता: दाराची करकर, वारा, कंदिलाच्या कडीचा किणकिणाट. जुन्या सिनेमांचे आवाज दुरुस्त करणं हाच तिचा धंदा. पण या किंकाळीत दुरुस्त करण्याजोगं काही उरलंच नव्हतं. ती पुन्हा कुणीतरी मारायला हवी होती.

जिने ती पहिल्यांदा मारली होती ती शेजारच्या खोलीत चहा पीत बसली होती. मुलीची आई.

पडद्यावरची नटी वेगळी, आवाज आईचा. त्या काळी भीतीच्या सिनेमात कुणाचाही गळा आवळला गेला तरी किंचाळायची आईच. पडद्यावरच्या नावांच्या पाटीवर तिचं नाव कधी आलं नाही. या वेळी सिनेमा पुन्हा लावणारी कंपनी ते टाकणार होती, आणि त्यासाठी आई हट्टाला पेटली होती.

"डॉक्टर काय म्हणालेत, आठवतंय ना?" मुलीने विचारलं.

"जोर लावायचा नाही. रक्तदाब चढला तर वाचा जाईल, नाहीतर मी जाईन. पाठ आहे मला."

"मग?"

"किंकाळीला जोर लागत नाही गं, भीती लागते. ती या वयात आयती मिळते."

मुलीने नाही म्हणून पाहिलं होतं. आईने अबोला धरला. तो अबोला इतका पक्का होता की शेवटी मुलीनेच माइक लावला.

चहा संपता संपता

सोबत कात्रीकाका होते. सिनेमाचे संकलक, आईच्या वेळचे. तेव्हा खरोखरच्या कात्रीने रीळ कापायचे, म्हणून हे नाव.

"मला सांगा बाई," काका म्हणाले, "हे असले सिनेमे बघायला लोक अजून का येतात? भुतं म्हणजे पाप्याचं पितर. वटवाघळाची दोरी दिसते. तरी तिकीटबारीवर झुंबड!"

"घरी फुकट घाबरावं लागतं म्हणून," आई म्हणाली. "शिवाय घरच्या भीतीला मध्यंतर नसतं."

"वा! पोस्टरवर टाकू हे."

"आधी माझं नाव टाका मेल्यांनो, मग वाक्यं टाका."

ती उठून माइकच्या खोलीत गेली. खोलीच्या भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या, खिडकी बंद, दिवा नाही. आईची पद्धत पहिल्यापासून तशीच: अंधारात एकटीने उभं राहायचं. समोर चित्रसुद्धा नको, ते तिला पाठ असायचं. कुणी बघायचं नाही. टेक ओके झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, मग आत काहीही होवो. घाबरलेलं तोंड कुणी बघितलं की माणूस लगेच नाटक करायला लागतो, असं ती म्हणायची. या शिस्तीपुढे भलेभले दिग्दर्शक गप्प बसलेले होते. मुलगी तर याच शिस्तीत वाढली. लहानपणी आई शेजारच्या खोलीत जिवाच्या आकांताने ओरडत असताना ती शांतपणे अभ्यास करायची.

टेक पहिला

घोटीव, गोल, जुन्या दागिन्यासारखी किंकाळी. मुलीने बोलायचं बटण दाबलं. तिचा आवाज आईच्या हेडफोनमध्ये गेला.

"आई, हे ओरडणं झालं. घाबरणं नाही झालं."

"मला शिकवतेस?"

"तूच शिकवलंयस."

टेक दुसरा

शेवट कापरा झाला. त्यानंतर बराच वेळ श्वासाचा आवाज.

"थांबूया का?" काकांनी हळूच विचारलं.

मुलीने बटण दाबलं. "आई, बास करूया?"

"एक अजून," आई म्हणाली. तिचा आवाज जरा जड येत होता. "आत्ता कुठे जमायला लागलंय. आणि तुझ्या काकांना म्हणावं, इथे दारापाशी गार वारा येतोय. खिडकी लावा."

खिडकी लावलेली होती.

टेक तिसरा

आधी काहीतरी पडल्याचा आवाज. मग किंकाळी, फाटलेली, ओबडधोबड, दूरवरून आल्यासारखी. आणि तिच्यात एक शब्द.

"चिमेऽऽ!"

चिमी म्हणजे मुलगीच. घरातलं नाव.

काका खुर्चीतून अर्धवट उठले. मुलीची नजर पडद्यावर होती. कंदीलवाल्या बाईचं तोंड सताड उघडं होतं आणि उघडंच राहत होतं. हाकेत मात्र मध्येच ओठ मिटल्याचं ऐकू येत होतं. दोन्ही जुळत नव्हतं.

तिने बटण दाबलं. "भाव मस्त आहे गं, पण हाक नको मारूस. ओठांत बसत नाही. आणि माइकपासून लांब गेलीस. पुन्हा घेऊ."

आतून उत्तर आलं नाही. एकदा पुन्हा घ्यायचं ठरलं की आई टेक होईपर्यंत बोलत नसे.

टेक चौथा

बसली. चित्रातले ओठ उघडले तिथे सुरू झाली, मिटले तिथे संपली. खालच्या पट्टीतून वर चढत गेलेली, एकही ओरखडा नसलेली. काकांनी हातावरचे उभे राहिलेले केस दाखवले.

"ओके!" ती ओरडली. "आई, ओके! ये बाहेर."

कुणी आलं नाही. ती हसत हसत उठली, मूठ धरून ढकललं, आणि दार

चित्र नाही, आवाज नाही

उघडेना. आतून काहीतरी टेकलं होतं. दोघांनी मिळून रेटलं तेव्हा फटीतून आधी आईचा हात दिसला.

ती दाराला अंग टाकून जमिनीवर पडली होती. हेडफोन मानेभोवती. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. माइक खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, उभ्या माणसाच्या उंचीवर.

आई वाचली. वाचा गेली.

मुलीने रुग्णालयाच्या बाकावर बसून चारही टेक पुन्हा ऐकले. हे काम तिला झोपेतही येतं: आवाज कुठून आला, किती लांबून, उभ्याने की आडव्याने. तिसरा दारापाशी, जमिनीलगत झालेला. तिथून पुढे आई हललेली नव्हती. पडल्यापासून तिला हलता येणंच शक्य नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. चौथा माइकच्या अगदी तोंडाशी झालेला. इतका जवळ, की किंकाळीच्या आधी ओठ विलग झाल्याचाही आवाज पकडला गेला होता.

काकांना तिने सगळं सांगितलं.

"टेक सोन्यासारखा आहे," ते म्हणाले. "कंपनीला तोच हवाय."

"कुणाचा आहे काका तो?"

"अगं, आपण कशाला खोलात शिरायचं?"

तिने हेडफोन आईच्या कानांना लावले. तिसरा टेक ऐकून आईने चांगला हात उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. माझा. चौथा सुरू झाल्यावर तिने हेडफोन ओढून काढले आणि चादरीखाली कोंबले.

मुलीने सिनेमात तिसरा घातला. कंपनीने कुरकुर केली, मग सोडून दिलं.

चित्र आणि आवाज

दुपारचा खेळ. थिएटर भरलेलं. पाटीवर आईचं नाव आलं तेव्हा तिच्या चाकाच्या खुर्चीशेजारी बसलेल्या काकांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

बाई जिना उतरली. थांबली. "चिमेऽऽ!"

सगळं थिएटर दचकलं. पोरींनी एकमेकींचे दंड पकडले, कुणीतरी लाह्या सांडल्या, आणि लगोलग सुटकेचं हसू पसरलं. ओठ जुळत नाहीत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माणसं खुशीत होती. एक बाई आपल्या देखत जिवाच्या आकांताने हाक मारते आहे आणि आपण जागचं हलायचं नाही, हीच तर त्या तिकिटाची किंमत.

मुलगी उठून उभी राहिली होती.

"अहो ताई, बसा की खाली!" मागून आवाज आला.

हाक लवकर संपली. पडद्यावरचं तोंड मात्र अजून उघडं होतं. सगळं थिएटर त्या बिनआवाजी तोंडाकडे बघत होतं. मुलीने शेजारी पाहिलं. पडद्याच्या उजेडात आईचंही तोंड उघडलेलं होतं. बधिर पडलेली बाजूसुद्धा. ते बाईच्या ओठांशी तंतोतंत जुळून रुंदावत गेलं, आणि पडद्यावरचे ओठ मिटले तरी हे मिटले नाहीत.

"आले गं आई," मुलगी म्हणाली. खुर्चीचा ब्रेक काढला आणि लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत, शिव्या खात, आईला दाराकडे घेऊन निघाली.