कारंज्याकाठचा सडा

"नाइन," अन्वी जर्मनमध्ये नको म्हणाली आणि मोजे घातलेले पाय तिनं बाकावर वर ओढून घेतले.

स्टुटगार्टच्या त्या बागेत फरशीतून कारंजी उसळत होती. पारा सदतिसावर गेलेला. अवघ्या वस्तीची पोरं पाण्यात, आणि ऊर्मिलाची सहा वर्षांची लेक तेवढी काठावर कोरडी.

"अगं, बूट घालूनच सोड की तिला," पुण्याहून आलेल्या सासूबाई वर्तमानपत्रानं वारा घेत म्हणाल्या.

"मागच्या आठवड्यात गेली होती, आई. पोरं हसली."

"दुबईत स्वतःच चपला भिरकावल्यान् आणि पाय भाजून घेतलेन्. हट्टी! बापावर गेलीय."

दोन वर्षं ऊर्मिलानं हे कधी खोडून काढलं नव्हतं.

वाईच्या घाटावर वाढलेली ती. पाण्यात पाय घालायचा तो अनवाणी, चपला लांब काढून, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. दोन वर्षांपूर्वी दुबईत राहत असताना एरवी मायलेकी दिवस कलल्यावरच कारंज्यांवर जायच्या. त्या एका दिवशी भर दुपारी गेल्या, आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "चपला काढ, मग जा." तापलेल्या रबरी जमिनीवर दहा पावलं. तळव्यांना टरारून फोड आले. पंधरा दिवस पोर कडेवर होती. फोनवर सगळ्यांना सांगताना मात्र तिनं चपलांचा दोष चार वर्षांच्या लेकीवर ढकलला होता.

ती उठली. वाळूत खेळायची लाल बादली कारंज्याखाली धरून भरली आणि बाकापासून पाण्यापर्यंत ओंजळीओंजळीनं शिंपत निघाली. हात हलला तशी ओठांवर ओवीही आली.

सडा घालते अंगणी, पाणी पसापसाला
माझ्या लेकीच्या पावलांना, ऊन लागावं कशाला

"अगोबाई! जर्मनीत सडा!" सासूबाई हसल्या. "आता रांगोळीही काढ!"

ऊर्मिलानं ओल्या फरशीवर तळहात टेकून पाहिला. मग लेकीच्या पायांशी उकिडवी बसली.

"अन्वी, त्या दिवशी चपला मी काढायला लावल्या होत्या. तू हट्ट नव्हता केलास. चूक आईची होती, राणी."

वर्तमानपत्राचा वारा थांबला.

"इश वाइस," अन्वी हळूच म्हणाली. मग आजीकडे बघून तिनं तेच मराठीत सांगितलं, "मला माहितीये."

माहीत होतं. आणि दोन वर्षं तीही कुणाला बोलली नव्हती.

एक मोजा निघाला. अंगठा ओल्या फरशीला टेकला, उचलला, पुन्हा टेकला. दुसरा मोजा निघाला.

"नॉख," अन्वीनं पुढच्या कोरड्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "तिथे अजून."

ऊर्मिला उठणार तोच सासूबाईंनी पदर खोचला.

"आण ती बादली इकडे. कोपरे सोडलेस तू सगळे." क्षणभर त्यांनी सुनेकडे पाहिलं. "आणि डोळे पूस आधी. पोर पाण्यात निघालीय."

आजी पुढे शिंपत होती, नात मागून चालत होती. मधल्या वाटेवर एकेक लहान पाऊल उमटायचं, उन्हात टाचेकडून वाळत जायचं. पण ते पुरतं वाळायच्या आत पुढचं उमटलेलं असायचं.