लाल फुलीचा टर्बो

ताईची गाडी वाईट नव्हती, नुसती मंद होती. पाय दाबला की ती आधी विचार करायची, मग सुस्कारा सोडायची, आणि मग एकदम दचकून पळत सुटायची.

"तुझी गाडी म्हणजे आमचे वर्गशिक्षक," भिंगरी ताईला म्हणायची. "प्रश्न सोमवारी विचारा, उत्तर गुरुवारी."

भिंगरीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. मामाच्या गॅरेजमध्ये ती भिंगरीच, कारण एका जागी उभं राहणं तिला जमायचंच नाही. सहामाहीत तिने विज्ञानात वर्गात पहिला नंबर काढला, तेव्हा मामाने विचारलं, "बक्षीस काय हवं?"

"ताईच्या गाडीला काय काय बसवायचं, ते मी ठरवणार!"

"ठरव. मी नुसते पाने फिरवीन."

झालं! दोन दिवस भिंगरी जमिनीवर नव्हतीच. वहीच्या मागच्या पानावर यादी उतरली. आत जाणारी हवा गार करायला मोठा कूलर. बाहेरचा धूर अडखळू नये म्हणून रुंद पाइप. मग इंजिनाच्या कॉम्प्युटरची नवी जुळणी. आणि सगळ्यात शेवटी, दोनदा अधोरेखित केलेला, इंजिनात जोराने हवा कोंबणारा नवा टर्बो, जुन्याच्या जागी.

"मोठा घेऊया की छोटा?" मामाने मुद्दाम विचारलं.

"छोटा! मोठ्यात ताकद खूप, पण त्याला जाग यायलाच वेळ लागतो. ताईला काय शर्यत जिंकायचीय? तिला रोज सकाळी टेकडीपलीकडच्या कागद कारखान्यात पोचायचंय आणि वाटेत रेंगाळणारे ट्रक ओलांडायचेत. छोटा, हलका, हजरजबाबी."

मामाने तिच्या पाठीवर थाप मारली. तेलाचा पंजा शर्टावर उमटला. भिंगरीने तो शर्ट धुवायला टाकलाच नाही.

नवा टर्बो यायला दोन महिने लागणार होते. दोन महिने! भिंगरी सायकल काढून थेट भंगारवाल्या काकांच्या आवारात. काका दाराशी फोनवर कुणाशी तरी भांडत होते. मागच्या शेडमध्ये, अगदी खालच्या फळीवर, तिला हवा तोच टर्बो सापडला. तिने आतल्या पंख्याला बोटाने टिचकी मारली. तो फिरत राहिला. फिरतच राहिला. आवाज म्हणून नाही.

त्याच्या पाठीवर लाल रंगाची फुली होती.

ती फुली भिंगरीला माहीत होती. ज्या गाडीतला माणूस जिवंत बाहेर आला नाही, तिच्या सुट्या भागांवर काका लाल फुली मारत. असा भाग वितळवायचा, दुसऱ्या गाडीला लावायचा नाही. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण एकूण एक गॅरेजवाला पाळायचा. मामा तर पाळायचाच.

'लोखंडाला काय कळतंय?' भिंगरी मनात म्हणाली. तिने फुलीवर चिंधी गुंडाळली, टर्बो पिशवीत घातला आणि जाताना काकांना पिशवी उंच धरून दाखवली. त्यांनी फोनवरूनच मान हलवली. घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर तिने थिनरने फुली पुसली. रंग पटकन निघाला, जणू कालच मारला होता.

"काकांनी दिला?" मामाने विचारलं.

"हो ना," ती म्हणाली. पहिल्यांदाच त्याच्याकडे न बघता.

टर्बो बसवल्यावर पहिल्याच दिवशी ताई नाचत घरी आली. "अगं, मनातलं ओळखते ही! पाय दाबायच्या आत पळते!"

भिंगरीने लॅपटॉप जोडला. गाडीने दिवसभराची नोंद ठेवली होती, जागेसकट. निळी रेघ म्हणजे ताईचा पाय, लाल रेघ म्हणजे टर्बोचा दाब. आधी निळी चढणार, मागोमाग लाल, असा साधा हिशोब. पण टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीनंतर उतार लागतो तिथे निळी सपाट होती आणि लाल वर गेली होती. दोन सेकंद. मग खाली.

'वायर ढिली असेल,' म्हणून तिने वायर बदलली.

दुसऱ्या दिवशी चार सेकंद. त्याच टाकीपासून. तिसऱ्या दिवशी सात.

चौथ्या दिवशी जेवताना ताई म्हणाली, "गंमत सांगू? त्या उतारावर मी पाय काढलेला असतो, तरी गाडी ओढत नेते. माझ्या पायावर कुणीतरी पाय ठेवल्यासारखं वाटतं. अगदी हलकाच." आणि हसून तिने आणखी भात वाढून घेतला.

भिंगरी ताट सोडून लॅपटॉपकडे गेली. त्या दिवशीची नोंद दहा सेकंदांची होती.

पाचव्या दिवशी ताईला सुट्टी होती. शाळा सुटल्यावर भिंगरी सायकलने टाकीपाशी गेली. टाकीपासून खालच्या वळणावरच्या दगडी भिंतीपर्यंत तिने पावलं मोजली आणि ताईच्या वेगाने भागलं. विज्ञानात पहिला नंबर होता, गणित चुकणार कसं? चौदा सेकंद. दोन, चार, सात, दहा... उद्या चौदा. भिंतीतले मधले दगड नवे होते.

तिथून ती काकांकडे गेली. "काका, टाकीच्या उतारावर कधी कुणी..."

"गेल्या वर्षी. पोरगाच होता. शेवटपर्यंत पाय काढला नाही म्हणतात." काकांनी चष्मा वर केला. "त्याचा टर्बो फुली मारून ठेवला होता, सापडेना झालाय. का गं?"

परत येताना भिंगरी सायकल ढकलत चालली. उद्या ताईची सकाळची पाळी. साडेसातला ती निघणार. काहीतरी खोटं कारण काढून गाडी थांबवता आली असती, पण एकच दिवस. आणि खरं सांगितलं, तर पाठीवरचा तो पंजा गेला.

मामा हात धूत होता. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. फुली, चिंधी, थिनर, चौदा.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पाना आण," तो म्हणाला.

दिवेलागणीपर्यंत टर्बो उतरला आणि जुना परत चढला. ताई उजेडासाठी टॉर्च धरून उभी होती. "म्हणजे परत वर्गशिक्षक?"

"परत," भिंगरी म्हणाली. तिला हसू आलं नाही.

मामाने तिच्या हातात ब्रश दिला. "तू पुसलीस, तूच काढ." तिने फुली काढली. फुलीचा एक पाय लांब गेला. टर्बो गॅरेजच्या फळीवर ठेवला. सकाळी काकांचं आवार उघडलं की पोचवायचा.

सकाळी साडेसातला ताई गेली. गाडीने नेहमीसारखा सुस्कारा सोडला. मामा चहा घेत होता, भिंगरी दप्तर भरत होती. गॅरेजभर स्वच्छ ऊन पडलं होतं.

पावणेआठला, ताई रोज टाकीपाशी पोचते त्याच वेळी, शीळ सुरू झाली.

बारीक, मग चढती. फळीवरच्या टर्बोचा पंखा फिरत होता. ना पाइप, ना इंजिन, ना वारा. मामाचा कप ओठांपाशीच थांबला. मनात मोजत असलेले आकडे भिंगरीच्या तोंडून आपोआप निघायला लागले. "आठ... नऊ... दहा..." शीळ इतकी वर गेली की खिळ्यावरचे पाने किणकिणू लागले. "तेरा... चौदा."

बंद.

टर्बो थांबतो तो हळूहळू, दम टाकत. हा तसा थांबला नाही. कुणीतरी मुठीत धरल्यासारखा थांबला.

भिंगरीने ताईला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत. मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. वीस मिनिटं दोघं तसेच उभे.

मग फोन वाजला.

"काय गं, किती ते फोन! गाडी चालवत होते ना, आत्ता पोचले." ताईच्या मागे कारखान्याचा भोंगा वाजत होता. "पण ऐक ना. त्या वळणावर आज गाडी एकदम हलकी झाली. शेजारून कुणीतरी उतरून गेल्यासारखी."

भिंगरीने फोन मामाकडे दिला. तिने फळीपाशी जाऊन पंख्याला बोट लावलं.

तो जागचा हलला नाही.