सात पॉइंट दोन

दिराच्या दुकानात अठरा वर्षं मिक्सर आणि पंखे दुरुस्त केल्यावर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिने विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. वर्गात सगळे तिला मावशी म्हणत. तिलाही ते चालायचं.

दुसऱ्या सहामाहीत प्रयोगशाळेत तिची जोडी पहिल्या नंबराच्या मुलीशी लागली. त्या दिवशी वीजपुरवठ्याची पेटी तपासायची होती; सगळ्या वर्गाला मिळून ती एकच होती. पुस्तकाप्रमाणे नऊ व्होल्ट यायला हवेत. मीटरवर आले सात पॉइंट दोन. मावशीने तारा काढून पुन्हा लावल्या, मीटर बदललं. आकडा हलेना.

"नऊ लिहा," मुलगी म्हणाली. "सगळे नऊच लिहितात."

"पण आलेत कुठे?"

"मावशी, कशाला नसती पीडा ओढवून घेताय?"

दोघींनी आपापलं लिहिलं. वह्या तपासून आल्या तेव्हा मुलीला दहापैकी दहा, मावशीला चार. खाली सरांचा शेरा : 'मोजमाप चुकले.'

मावशी तडक सरांच्या खोलीत गेली. सर तिच्याहून लहान, पण सर ते सर. आवाज न चढवता ती म्हणाली, "एकदा तुम्ही मीटर लावून बघता का?"

सर नाखुशीने उठले. प्रयोगशाळेत येऊन मीटर लावलं. आकडा तोच, सात पॉइंट दोन. मग पेटी उघडली. आतला एक भाग काळा पडला होता.

"ही तीन वर्षांपूर्वीच बिघडली," प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणाला. "नोंदवहीत मी लिहिलंय. वाचतंय कोण?"

तीन वर्षं सगळ्यांनी नऊ लिहिले होते आणि सरांनी डोळे झाकून सह्या ठोकल्या होत्या. ते एवढंच म्हणाले, "मीच कधी लावून पाहिलं नाही."

मावशीच्या चारचे दहा झाले, पण सगळ्या वर्गाला प्रयोग पुन्हा करावा लागला. मावशीला जणू वाळीतच टाकलं. जोडीदारीण दुसऱ्या टेबलावर गेली.

"काय मिळवलंस?" नवऱ्याने विचारलं.

"सहा मार्क."

तीन आठवडे ती एकटीच काम करत होती. चौथ्या आठवड्यात मुलगी वही घेऊन आली.

"माझा आकडा पुस्तकाशी जुळत नाहीये. तारा तुम्ही बघता?"

मावशीने शेजारचं स्टूल पुढे ओढलं. "बस. आधी मीटर दाखव."