बरणी उघडायची नाही

धाकट्या बहिणीचं अपेंडिक्स पोटातच फुटलं. पोट उघडून धुतलं, पू तपासायला पाठवला, तरी ताप हटेना. शुद्धीवर आल्यावर बाईसाहेब पहिलं काय बोलल्या, तर, "ताई, जन्मभर तू लोकांच्या पोटातल्या घाणीचा वास घेऊन घरी यायचीस. घे, आता घरचाच माल पाठवलाय."

पू ज्या लॅबमध्ये गेला, तिथेच माझी हयात गेली. हवा लागली की मरणारे जंतू, हे माझं काम. आतड्यात ते गुण्यागोविंदाने नांदतात. आतडं फुटलं की तेच घराला आग लावतात. त्यांना वाढवायचं ते बंद बरणीत, हवा काढून. दोन दिवस झाकणाला हात लावायचा नाही.

सर्जन म्हणाले, "चालू औषध लागू पडत नसेल तर दुसरं आहे. पण त्याच जातीच्या औषधाने पूर्वी यांचा घसा सुजून श्वास अडला होता. खात्री झाल्याशिवाय मी ते देणार नाही."

खात्री बरणीत होती.

मेहुणे माझ्यामागे लागले. "ताई, लॅबची मुख्य तुमचीच विद्यार्थिनी ना? म्हणावं, जरा डोकावून बघ."

"असं डोकावता येत नाही."

"तुमचा शब्द मोडेल होय ती?"

मला सगळं कळत होतं, तरी गुडघे धरत जिना उतरले. खोली तीच, वास तोच. भिंतींचा रंग तेवढा बदललेला. मुख्य लगबगीने उठली, स्वतःची खुर्ची मला दिली.

"थोडंफार उगवलं असेल गं," मी म्हणाले. "बघ ना."

"बाई, झाकण उघडलं की उत्तर मेलं, असं कोण म्हणायचं?"

"मीच. तेव्हा पेशंट माझी बहीण नव्हती."

"कुणाची तरी असायचीच ना, बाई."

मी चिडले नाही. चिडायलाही अंगात त्राण लागतं.

वेळ भरल्यावर तिने बरणी उघडली आणि आतली जंतूंची थाळी उजेडात धरली. तिच्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या दोन बारीक चकत्या, एक चालू औषधाची, एक दुसऱ्याची. आमच्या वेळी चालू औषधाच्या चकतीभोवती, चंद्राला खळं पडावं तशी, जंतू मेल्याची मोकळी जागा हमखास दिसायची. आज जंतू थेट चकतीला टेकले होते. खळं होतं ते दुसऱ्या औषधाभोवती.

"म्हातारं झालं तेही," मी म्हणाले.

संध्याकाळी नवीन औषध थेंबथेंब सुरू झालं. घसा सुजलाच तर म्हणून नर्स इंजेक्शन भरून उशाशी उभी. माझी नजर धाकटीच्या गळ्यावरून हटेना.

"काय टक लावून बघतेस?"

"घसा."

"मग बोलू दे की मला. आवाज बसला तर कळेल."

आणि ती बोलत सुटली. उशी टणक, नवरा बावळट, सर्जनला हसता येत नाही, लहानपणी मी तिची रिबीन लपवली होती. आवाज खणखणीत होता. बाटली संपत आली तरी खणखणीतच. रिबिनीचं ऐकता ऐकता मला बसल्या जागी झोप लागली.