रजईतला फोन

टेलरमास्तरांचा आपल्या फोनवर भारी जीव. त्याला ओरखडा येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी दोन बोटं जाडीचा कापूस भरलेली, रजईसारखी गुबगुबीत पिशवी शिवली होती. पुढे काचेपुरती खिडकी, खाली चार्जरच्या वायरीपुरतं भोक. फोन पिशवीतच बोलायचा आणि पिशवीतच चार्ज व्हायचा! गल्लीतल्यांनी वाहवा केली, तेव्हा मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि त्यांनी सात-आठ जणांना तसल्याच पिशव्या फुकट शिवून दिल्या.

त्या दिवशी चार वाजता परगावची लेक व्हिडिओ कॉल करणार होती. मास्तरांना नात झाली होती, तिचं तोंड पहिल्यांदा दिसणार होतं! बॅटरीनं ऐनवेळी दगा देऊ नये म्हणून सकाळपासून फोन चार्जिंगला लावलेला, तोही इस्त्रीच्या टेबलावर. शिवाय वेळ जाईना म्हणून त्याच्यावर गाण्यांचे व्हिडिओ चालूच.

चारला पाच मिनिटं असताना गाणं थांबलं. काचेवर ‘फोन खूप गरम झाला आहे’ अशी अक्षरं उमटली आणि फोन बंद पडला. मास्तर फोन घेऊन दाराकडे धावले आणि कोटाच्या बाह्या आखूड करायला आलेल्या सिस्टरवर जवळजवळ आदळलेच. सिस्टर म्हणजे गल्लीतल्या निवृत्त नर्स.

“बाजूला व्हा सिस्टर! शेजारून बर्फ आणतो, फोन त्यात ठेवायचाय!”

“थांबा, थांबा! बघू इकडे. अगं बाई, भाजतोय की!”

“सकाळपासून इस्त्रीशेजारी चार्जिंगला लावून गाणी ऐकत होतो, तोच बंद पडला! लेकीचा कॉल येईल हो आता...”

“मग बर्फात घालून याला कायमचा बंद पाडायचाय का? आत पाणी सुटेल! मास्तर, ताप आलेल्या लेकराला तुम्ही रजईत गुंडाळून इस्त्रीशेजारी बसवलंत, वर गाणीही म्हणायला लावलीत. चार्ज होताना बॅटरी मुळातच तापते. ती उष्णता बाहेर जाणार कुठून?”

“पण मी जपत होतो त्याला!”

“जपण्यानंच घात केला. अशानं बॅटरी फुगते, कधी पेटही घेते. आणि इथे तर सगळं कापडच!”

मास्तरांनी चिंध्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सिस्टरनी फोन पिशवीतून काढला आणि सावलीत, उघड्या लाकडी टेबलावर ठेवला. “पंधरा मिनिटं हात लावायचा नाही!”

चार वाजून गेले. मास्तरांनी एकच शिवण तीनदा उसवली. शेवटी गार झालेला फोन चालू केला, आणि तो लगेच वाजला.

“बाबा, होतात कुठे? तीनदा लावला!”

काचेत लालबुंद, मुठी आवळून रडणारी नात! मास्तरांचे डोळे भरून आले. मग त्यांना दिसलं, पोर हनुवटीपर्यंत त्यांनीच पाठवलेल्या जाडजूड रजईत गुंडाळलेली होती.

“खोलीत उकडतंय, आणि ही केव्हाची रडतेय बघा,” लेक म्हणाली.

“अगं, आधी ती रजई काढ!”

रजई निघाली आणि पोर हळूहळू शांत झाली. “शिकले हो मास्तर!” म्हणत सिस्टर खळखळून हसल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरोघरी जाऊन पिशव्या परत मागू लागले. “शिवण चांगली आहे की,” लोक म्हणायचे. “शिवण चांगलीच आहे, अक्कल कमी पडली,” मास्तर सांगायचे.

तर मंडळी, आपणही आज घरात एक फेरी मारू या. उशीखाली, उन्हात, जाड कव्हरात चार्ज होणारे फोन बाहेर काढू या. फोन तापलाच, तर त्याला बर्फ नको, विसावा द्या. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला थोडी हवाही लागू द्या!