चाळणीभर भरड्याला विकलेली

सातीला स्वतःच्या नावाचा राग शाळेपासूनच होता. साती म्हणजे तुर्कीत विकलेली. हल्ली कुणी पोरीचं असं नाव ठेवत नाही. तिच्या वयाच्या पोरींतही गावात ती एकटीच. वर्गातली पोरं "काय भाव गं तुझा?" म्हणून छळायची, आणि भाव तर अख्ख्या गावाला ठाऊक होता: चाळणीभर गव्हाचा भरडा.

झालं होतं असं, की तिच्या आईची, हुरूची, आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथी ही जन्मली तेव्हा जाणत्या बाया म्हणाल्या, प्राण न्यायला येणाऱ्या अज्राईलला या घराची वाट पाठ झालीय, पोर विकून टाक. मग शेजारच्या झेलिहाने खिडकीखाली उभं राहून घासाघीस केली, भरडा आत दिला आणि पोर बाहेर घेतली. दुसऱ्या दिवशी "माझी पोर जरा सांभाळ गं" म्हणत परत हुरूच्याच मांडीवर आणून ठेवली. आता अज्राईल हुरूचं लेकरू शोधत आला, तरी त्या घरात हुरूचं लेकरू नाहीच! पूर्वी गावोगाव अशी नावं असायची. कुणी शेजाऱ्याला विकलेलं, कुणी पिराच्या दर्ग्याला.

बाकीच्या बाया वर्षा-दोन वर्षांत हे नाटक विसरायच्या. हुरू विसरली नाही. तिने सातीला कधी "माझी लेक" म्हटलं नाही. हाक मारायची तीसुद्धा "ए झेलिहाचे!" अशी. लेकीच्या लग्नात आया रडतात, ही कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "शेजारणीची पोर चालली, आपल्याला काय त्याचं." सातीला ते कुसळासारखं सलत राहिलं. असेल रीत, पण एकदा तरी म्हणावं ना माणसाने.

चाळिशी उलटल्यावर सातीच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. हुरू गावाहून अंकाऱ्याच्या इस्पितळात आली ती द्राक्षाच्या काकवीची बरणी आणि तोंडाचा पट्टा घेऊनच.

"काय गं झेलिहाचे, पार वाळलीस. नवरा खायला घालतो का नुसतं तोंड बघतो?"

"आये, आज तरी लेक म्हण."

"माझा काय हक्क? झेलिहाला विचार."

"झेलिहा मरून किती वर्षं झाली!"

"मालक मेला म्हणून काय माल परत येतो होय?"

साती भिंतीकडे तोंड करून पडली. तिला रडायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी आलं. नवरा रक्ताची सोय बघायला खाली गेला होता. भूल देईपर्यंत जवळच्या एका माणसाला आत थांबता येत होतं. नर्सने विचारलं, "आजी, तुम्ही पेशंटच्या कोण?"

हुरूने स्ट्रेचरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. "मी? कुणी नाही. शेजारीण."

आजसुद्धा! सातीने रागाने डोळे मिटले.

"मग बाहेरच थांबा. आई असता तर सोडलं असतं."

"आई नाही हो मी! हिची आई वेगळी!" हुरू ओरडलीच. एवढ्या मोठ्याने, की साती दचकून बघायला लागली. नर्स तर हातभर अंतरावर उभी होती. पण हुरू नर्सकडे बघतच नव्हती. ती त्या मोकळ्या, लांबलचक वऱ्हांड्याकडे बघत होती. ती कुणाला सांगत होती ते सातीला तेव्हा कळलं. तिला आईबद्दल इतकी माया वाटली, की छातीत दुखलं.

"दांडी सोडा, आजी." बोटं सुटेनात. नर्सने ती हळूहळू सोडवली आणि सातीकडे वाकून म्हणाली, "ताई, खरंच शेजारीण का? चेहरा तर तुमचाच आहे."

एक शब्द बोलली असती तर आई आत आली असती. तिचा हात हातात मिळाला असता.

"शेजारीणच आहे," साती वऱ्हांड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "आमचं काही नातं नाही."

हुरूने सुटकेचा श्वास टाकला, आणि दार बंद झालं.