लाल दोरा

फाल्गुनाचे ऊन उतरत होते. बालाघाटच्या करड्या, कृश, तृणहीन माळांवरून ते पीतवर्ण, परिश्रांत ऊन उतरत होते. आणि फाट्यावरच्या खाजाभाईच्या गॅरेजसमोर, पळसाच्या तोकड्या सावलीत, निवृत्त वायरमन दिगंबर आपल्या वीस वर्षांच्या मोटरसायकलीशेजारी उकिडवा बसला होता. थकलेली गाडी, थकलेला धनी. दोघांच्याही गुडघ्यांत जोर उरला नव्हता.

गाडीचे पुढचे शॉकअप मऊ पडले होते. ब्रेक लावला की ती नाक खाली घाली; खड्डा आला की तळाला टेकून खाडकन आदळे. आणि तो दणका, तो निर्दय, अस्थिभेदी दणका, मागे बसलेल्या त्याच्या बायकोच्या, कौसल्येच्या पाठीत शिरे. तिच्या मणक्याचे ऑपरेशन होऊन आठच महिने झाले होते.

गेल्या आठवड्यात ती माहेरी निघाली आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर उतरली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "नको हो. आईला सांगा, नाही जमत मला." डोंगरापलीकडच्या त्या वस्तीवर एसटी जात नाही. नव्वदीची दृष्टिहीन आई तिथे रोज वाटेकडे कान लावून बसते. कौसल्या पायी माघारी आली, ते दिगंबरच्या फार जिव्हारी लागले होते.

खाजाभाईने काळेशार, पाण्यासारखे पातळ झालेले तेल काढले, नवे ओतले. स्प्रिंगा दमल्या होत्या. त्या दाबून ताठ व्हाव्यात म्हणून त्यांच्या डोक्यावर ठेवायला त्याने प्लास्टिकच्या नळीचे दोन तुकडे कापले. जड माणसाला लांब तुकडा लागतो, पण मोजमाप केलेच नाही. वीस वर्षांचे गिऱ्हाईक, त्याचे वजन काय विचारायचे! मग शॉकअपच्या चकाकत्या दांडीवर त्याने लाल दोरा बांधला. गाडी जितकी दबेल तितका दोरा वर सरकणार आणि तिथेच राहणार. त्याची ही जुनी रीत.

"बसा काका."

दिगंबर बसला, उतरला. दोरा नखभरच सरकला होता.

"दोन बोटं तरी सरकाया पायजे. परत बसा."

पुन्हा नखभर. खाजाभाईने स्प्रिंगांकडे पाहिले, दोऱ्याकडे पाहिले, आणि मग दिगंबरकडे पाहिले. अंगावर लोंबणारा सदरा. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोके.

"काका, चूक माझीच झाली. मी तुमचं जुनं वजन धरून नळ्या कापल्या. तुमी तर निम्मे झालात की हो!"

दिगंबरने पट्ट्याला हात लावला. आठ महिने त्याने कौसल्येच्या गोळ्या मोजल्या होत्या, तिची पावले मोजली होती, तिच्या रात्रींचे कण्हणे मोजले होते. स्वतःकडे बघायचे राहूनच गेले होते. त्याला एकदम रडू आले. त्याने ते पळसाकडे तोंड करून गिळले.

खाजाभाईने नळ्या बाहेर काढल्या, दीड दीड बोट कापून पुन्हा बसवल्या. आता दोरा दोन बोटे सरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या मागे बसली ती डोळे मिटूनच. घाट आला. पहिले वळण आले, तोच खड्डा आला. गाडी हलकेच दबली आणि हलकेच वर आली. दिगंबरच्या खांद्यात रुतलेली तिची बोटे सैल झाली. भय गेलेल्या त्या हाताला, किती महिन्यांनी, सदऱ्याखालचा खांदा लागला.

नुसते हाड लागले.

"अहो," ती म्हणाली, "माझं दुखणं तुम्हाला खाऊन गेलं की."

धूसर, धुळकट, दीर्घ घाट समोर चढत होता, पलीकडे आई कान लावून बसली होती. खड्डे येत होते, खड्डे जात होते. लाल दोरा दांडीवर थरथरत होता. आणि तिचा हात त्या हाडावरून हळूहळू फिरत होता, फिरत होता.